विहिरीत टाकलेला झाडू

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूंनी कसं शांतपणे, थोडंसं डोळ्यांत पाणी आणून आपलं आयुष्य सांगावं, अशी तुमची सवय असेल. ते मला जमणार नाही. मी सांगेन तसं ऐका.

सध्या मी गदग शहरातल्या एका मोठ्या शाळेत, काचेच्या कपाटात आहे. मला सोनेरी रंग दिला आहे. अंगावर रेशमी कापड घातलं आहे. वर्षातून एकदा मला हार घालतात, उदबत्ती ओवाळतात आणि माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलतात. ते खोटं काय आहे, हे सांगायचं तर मला अगदी सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म हुबळीच्या बाजारात झाला. मौलासाब नावाचे पेट्या करणारे कारागीर होते. त्यांच्या दुकानात एके दिवशी एक सावळी, उंच बाई आली. जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. तिचं नाव प्रेमलीला बेळवटगी. गदगच्या टेलिफोन कचेरीत ती कारकून होती आणि मुलांच्या मासिकात गोष्टी लिहायची.

"कुणाच्या लग्नाची पेटी?" मौलासाबांनी विचारलं.

"लग्नाची नाही. पुस्तकांची."

"एवढी पुस्तकं? दुकान टाकताय की काय, अक्का?"

"शाळाशाळांतून हिंडणार आहे. बसच्या टपावर चढवतील, वरून खाली फेकतील. पत्रा जाड लावा."

"मग असं सांगा की! लग्नाच्या पेटीला एकदाच मार बसतो, हिला रोज बसणार."

मौलासाबांनी खरोखरच जाड पत्रा लावला, चारही कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि झाकणावर पांढऱ्या रंगात कन्नडमध्ये लिहून दिलं, 'कथेची पेटी'.

ही प्रेमलीला म्हणजे आमच्या प्रेमक्का. त्यांचं पहिलं पुस्तक नुकतंच छापलं गेलं होतं आणि त्याचे गठ्ठे प्रकाशकाच्या माळ्यावर पडून होते. खेड्यातल्या मुलांना पुस्तकाच्या दुकानाचा रस्ता ठाऊक नव्हता. अक्कांनी ठरवलं, पुस्तकांनीच उठून मुलांकडे जायचं. महिन्यातले दोन शनिवार त्या रजा टाकायच्या. शनिवारी सकाळची शाळा असते. पहाटेची बस पकडायची, कंडक्टरशी माझ्या जागेवरून भांडायचं, उतरल्यावर कुणाची तरी बैलगाडी किंवा सायकल मिळवायची आणि पहिल्या घंटेला शाळेत हजर व्हायचं. मला वर्गाच्या मधोमध ठेवून झाकण उघडायचं. मग त्या गोष्ट सांगायच्या. आवाज मोठा, हातवारे त्याहून मोठे. राक्षसाचा आवाज काढताना चष्मा नाकावरून खाली घसरायचा आणि मुलं राक्षसाला भिण्याऐवजी चष्म्याला हसायची.

गोष्ट संपली की पुस्तकं मुलांच्या हाती. एखादे मास्तर लगेच ओरडायचे, "आधी हात धुऊन या!" अक्का म्हणायच्या, "असू दे हो सर. मळलेलं पुस्तक बघितलं की मला कळतं, कुणीतरी वाचलंय." निघायच्या वेळी मुलं माझ्या अंगावर खिळ्याने स्वतःची नावं कोरायची. कुणी मारू नये म्हणून अक्का मुद्दाम पाठ फिरवायच्या. दहा वर्षांत माझ्यावर नखाएवढी जागा मोकळी राहिली नाही. ती नावं हेच माझे दागिने होते.

आता मुद्दनकोप्पबद्दल सांगते.

त्या गावच्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा सहावीतली एक मुलगी व्हरांडा झाडत होती. बाकीची मुलं वर्गात ओळीने बसलेली. मास्तर तिच्यावर ओरडत होते, "नीलव्वा, आवर लवकर! पाहुण्या आल्या बघ." झाडून झाल्यावर ती आत आली नाही. खिडकीबाहेर उभी राहून, गज धरून ऐकू लागली. अक्कांनी गोष्ट मध्येच थांबवली.

"आत ये की गं."

"पाय धुऊन येऊ, अक्कोर?" मुलीने विचारलं. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोर म्हणतात.

मास्तर हसत म्हणाले, "राहू दे अक्का, ती तिथेच बरी ऐकते. सवय आहे तिला. हिची आई गावचे रस्ते झाडते. शाळेचं झाडणंही हिच्याकडेच असतं, हात बसलाय चांगला."

पस्तीस मुलांच्या शाळेत रोज झाडणारी एकच मुलगी होती, आणि ती कोणत्या गल्लीतली होती हे वर्गातल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक होतं.

मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. त्या दिवशी अक्का काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली, नारळ घेतला, खण घेतला, उप्पीट खाल्लं, मास्तरांना नमस्कार केला. नीलव्वा खिडकीतच होती. परतीच्या बसमध्ये अक्कांनी मला टपावर चढवू दिलं नाही. पायाशी ठेवून घेतलं आणि गदग येईपर्यंत त्या माझ्या झाकणावर मूठ आपटत राहिल्या. हळू आवाजात स्वतःलाच म्हणत होत्या, "उप्पीट खाल्लंस, प्रेमा. लाज नाही वाटली? उप्पीट खाल्लंस."

मीही त्यांच्यावर रागावले होते.

त्या लाजेतून त्यांनी 'नीलव्वाचा झाडू' ही गोष्ट लिहिली. तीन महिने लिहीत होत्या. गोष्ट साधी आहे. नीलव्वाला रोज शाळा झाडावी लागते. एके दिवशी ती हेडमास्तरांच्या टेबलावर झाडू ठेवते आणि विचारते, "सर, आज पाळी कुणाची?" हेडमास्तर म्हणतात, "तुझीच की." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती झाडू उचलते, शाळेमागच्या विहिरीवर जाते आणि आत टाकून देते. शाळेत आठवडाभर कचरा साचतो. शेवटी फळ्यावर झाडण्याच्या पाळ्या लिहाव्या लागतात. सगळ्यांच्या पाळ्या. पहिलं नाव हेडमास्तरांच्या मुलाचं असतं.

गोष्ट पुस्तकात आल्यावर पहिली प्रत घेऊन आम्ही मुद्दनकोप्पला गेलो. नीलव्वा शाळेत नव्हती. बाराव्या वर्षी लग्न करून तिला लांबच्या गावी दिलं होतं. तिची आई घरासमोर दगडावर बसली होती. अक्कांनी तिलाच गोष्ट वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "विहिरीत टाकला होय? बरं केलं पोरीनं." आणि पुढे म्हणाली, "पण अक्का, झाडू दुसरा आणतात हो."

 त्या दिवसापासून अक्कांनी दर शाळेत तीच गोष्ट सांगायची ठरवली. मुलांना ती फार आवडायची. झाडू विहिरीत पडायची वेळ आली की अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "डुबुक!" काही मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. काही बाई मात्र दुसऱ्याच दिवशी फळ्यावर पाळ्या लिहायच्या, आणि तसं पोस्टकार्ड अक्कांना यायचं. अशी एकशे अकरा पोस्टकार्डं माझ्या पोटात आहेत. शाली, मानपत्रं, ताम्रपट अक्कांच्या घरी कुठे कुठे पडले होते. पोस्टकार्डं मात्र माझ्यात, सुतळीने बांधून.

अक्का निवृत्त झाल्या, गुडघे दुखू लागले, तरी आमचं हिंडणं चालूच होतं. त्याच सुमारास एका मोठ्या प्रकाशनाने शाळांसाठी वाचनमाला काढली. त्यांचं पत्र आलं, 'नीलव्वाचा झाडू' घ्यायची परवानगी द्यावी. अक्का इतक्या खूश झाल्या की शेजारच्या घरांतून पेढे वाटून आल्या. दोनशे प्रतींचं पुस्तक आता लाखो मुलांच्या हाती जाणार होतं. सही करून पत्र पाठवलं. छापून आलेलं पुस्तक त्यांनी कपाळाला लावलं आणि कपाटात ठेवलं. आपलीच गोष्ट पुन्हा काय वाचायची?

पुढच्या डिसेंबरात एका गावच्या शाळेने आम्हाला स्नेहसंमेलनाला बोलावलं. हेडमास्तर दारापर्यंत सामोरे आले. "अक्का, आज तुम्हाला चकित करणार आहोत. तुमच्या गोष्टीचं नाटक बसवलंय!"

मला मांडवात पहिल्या रांगेत, अक्कांच्या खुर्चीशेजारी ठेवलं होतं. पडदा वर गेला. एक मुलगी झाडू घेऊन आली आणि गाणं म्हणत झाडू लागली. झाडलं, फुलं लावली, रांगोळी काढली. मग फेटा बांधलेला एक मुलगा पाहुणा म्हणून आला. म्हणाला, "वा! एवढी स्वच्छ शाळा कुणाची?" सगळी मुलं म्हणाली, "नीलव्वाची!" आणि त्या पाहुण्याने नीलव्वाला बक्षीस दिलं. लाल फीत बांधलेला नवा कोरा झाडू.

टाळ्या वाजल्या. अक्का शेजारी बसलेल्या एका मुलाकडे वळल्या. "हे काय रे? झाडू विहिरीत टाकते ना ती?"

"नाही अक्कोर, तुम्ही विसरलात," तो म्हणाला. "बघा, पुस्तकात आहे." त्याने दप्तरातून वाचनमालेचं पुस्तक काढून दाखवलं. शेवटच्या परिच्छेदात नवा झाडू होता, आणि त्याच्या खाली छापलं होतं, 'लेखिका : प्रेमलीला बेळवटगी'.

त्या उठल्या. रंगमंचाच्या तीन पायऱ्या चढताना गुडघा धरावा लागला. झाडूवाल्या मुलीसमोर उभ्या राहिल्या.

"बाळ, तुझं नाव?"

"चन्नव्वा."

"हे काम तू मागून घेतलंस?"

मुलगी हेडमास्तरांकडे बघू लागली. हेडमास्तरच बोलले, "तिला शोभतं ना अक्का! घरचंच काम आहे, शिकवावं लागलं नाही."

अक्कांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. चन्नव्वाच्या हातातला फीतवाला झाडू घेतला आणि हेडमास्तरांच्या हातात दिला.

"सर, आज पाळी तुमची."

हेडमास्तर हसले. त्यांना वाटलं, लेखिका बाई विनोद करतायत. लोकही हसले. अक्का हसल्या नाहीत, जागच्या हलल्याही नाहीत. हळूहळू मांडवातलं हसू विरून गेलं. हेडमास्तर झाडू धरून तसेच उभे. सरपंच म्हणाले, "अक्का, जेवणं थंड होतायत." "मी जेवले," अक्का म्हणाल्या. त्या सकाळपासून उपाशी होत्या. खाली येऊन त्यांनी माझं झाकण असं आपटलं की मौलासाबांनी ठोकलेली एक पट्टी निखळली. मला दुखलं. पण मला त्यांचा अभिमान वाटला.

सोमवारी आम्ही प्रकाशनाच्या कचेरीत होतो. संपादक तरुण, गोड बोलणारा. त्याने चहा मागवला.

"अक्का, मुलांना काहीतरी सकारात्मक द्यायला नको का? आणि झाडू विहिरीत टाकणं बरोबर आहे का? पाणी खराब होतं. सध्या पर्यावरणाकडे फार लक्ष असतं वरच्यांचं."

"पाणी खराब होतं," अक्का म्हणाल्या. "आणि त्या पोरीचं काय होतं?"

"तिला बक्षीस दिलंय की आपण."

"झाडूचं!"

"अहो, प्रतीक असतं ते."

"मग तुमच्या पोरीच्या वाढदिवसाला द्या ना हे प्रतीक. लाल फीत मी देते."

संपादकाचा चेहरा पडला. अक्का म्हणाल्या, "गोष्ट तुम्ही लिहिलीत, तर नाव तुमचं घाला. माझं काढा."

"नाव कसं काढणार? तुमच्या नावामुळे तर शाळा घेतात. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती आली. अक्कांचं नाव जसंच्या तसं होतं. नवीन एवढंच की नीलव्वाचं चित्र घातलं होतं, झाडू छातीशी धरून हसणारं.

मग अक्कांनी जे केलं, त्यासाठी मी अजूनही त्यांना सलाम करते. गोष्टीचा खरा शेवट त्यांनी एका छोट्या छापखान्यात चिठ्ठ्यांवर छापून घेतला. चिठ्ठी बरोबर त्या खोट्या परिच्छेदाच्या मापाची. पुस्तकांच्या जोडीला माझ्यात आता चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि खळीचं डबडं आलं. शाळेत जायचं, गोष्ट सांगायची, मग म्हणायचं, "काढा रे वाचनमाला. पान एकेचाळीस." मुलं ओळीने येऊन चिठ्ठी चिकटवायची. बोटं चिकट, नाकं चिकट, वह्या चिकट. इतकी मजा मी आधी कधी पाहिली नव्हती.

दोन वर्षं हे चाललं. मग कुणीतरी वर तक्रार केली की ही बाई पुस्तकं नासवते आणि मुलांना शिक्षकांविरुद्ध भडकवते. लेखी काही आलं नाही. फक्त शाळांचे फोन यायचे थांबले. ज्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचायचंच फक्त बाकी ठेवलं होतं, ते हेडमास्तर त्यांना बसस्टँडवर बघून वर्तमानपत्र तोंडासमोर धरू लागले. एकांनी फाटकातच सांगितलं, "अक्का, गैरसमज नको. तुम्ही थोर आहात. पण आत नको."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि फाटकासमोरच्या लिंबाखाली मला उघडून बसल्या. शाळा सुटल्यावर मुलं आलीच. त्यानंतर त्यांच्या शाळा अशाच भरल्या. आठवडी बाजारात, देवळाच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीपाशी. शेवटची दोन वर्षं त्यांना चालवत नव्हतं, तेव्हा घराच्या कट्ट्यावर. चार मुलं आली तर चार. अक्का वारल्या एका मंगळवारी, दवाखान्यात. उशाशी मी नव्हते. मी घरी होते, पोटातल्या डबड्यात खळ वाळून दगड झालेली.

आणि मग, मित्रांनो, सगळ्यांना त्या आठवल्या. फाटक बंद करणाऱ्यांनी शोकसभा घेतल्या. त्यांच्या भाच्याने, शशिधरने, मला या मोठ्या शाळेला अर्पण केलं. अर्पण करताना एक फोटो काढला. शाळेने मला स्वच्छ करायचं ठरवलं. पॉलिश कागदाने घासून घासून माझ्या अंगावरची ती सगळी नावं काढून टाकली. इतक्या वर्षांची मुलं एका दुपारी गेली. वर सोनेरी रंग दिला. माझ्या पोटात पुस्तकं आहेत, पोस्टकार्डं आहेत, उरलेल्या चिठ्ठ्या आहेत. कुणी बघितलंसुद्धा नाही. कुलूप लावलं, किल्ली शशिधरच्या घरी कुठल्यातरी खणात पडली असेल. कपाटावर पाटी आहे, 'हात लावू नये'.

दर वर्षी अक्कांच्या जयंतीला माझ्यासमोर नाटक होतं. तेच, लाल फितीचं. एक मुलगी प्रेमक्का होते, चष्मा लावून, इरकली साडी नेसून भाषण करते. ते काम संस्थेच्या कुणा पदाधिकाऱ्याच्या घरातल्या मुलीला मिळतं. एक मुलगी नीलव्वा होते. ते काम कुणाला मिळतं, हे तुम्ही आता ओळखलं असेल.

या वर्षीची तालीम परवा माझ्या कपाटासमोरच झाली. सरांनी पाचवीतल्या दानम्माला पुढे बोलावलं. तिची आई याच शाळेत वर्ग आणि संडास साफ करते.

"दानम्मा, तू नीलव्वा. जा, झाडू घेऊन ये."

"सर, मला प्रेमक्का व्हायचंय."

मुलांत खसखस पिकली. सरही हसले. "अगं, प्रेमक्काचं दोन पानी भाषण असतं. येणार आहे तुला?"

"पाठ आहे, सर. दुसरीपासून दर वर्षी ऐकतेय." आणि तिने तिथल्या तिथे सुरुवात केली. हात वर करून, मोठ्या आवाजात, नाकावर नसलेला चष्मा सारखा करत. अक्कांना तिने कधी पाहिलं नव्हतं. तरी काचेआड माझ्या पत्र्यावर काटा आला.

सरांनी चार वाक्यं ऐकली. "बस, बस. छान बोलतेस हं. आता झाडू आण."

ती गेली आणि झाडू घेऊन आली.

म्हणून मी रागावले आहे. गंज चढला, पोचे आले, टपावरून आपटले, याचं मला काही वाटत नाही. त्याच्यासाठीच माझा पत्रा जाड लावला होता. तुम्हाला शाळेत शिकवतात, जुन्या वस्तू जपाव्यात, पुसून ठेवाव्यात. मी सांगते, असलं जपणं मला नको. माझ्यासारखी एखादी पेटी, एखादं कपाट तुमच्याही शाळेत असेल. पुस्तकं आत, कुलूप बाहेर, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते साहेब रजेवर. तिथे हात जोडून उभे राहू नका. किल्ली मागा. दिली नाही तर पुन्हा मागा. रोज मागा, कंटाळा येईपर्यंत मागा, त्यांना कंटाळा येईपर्यंत.

आणि गदगला आलात तर या शाळेत या. दानम्मा पाचवी 'ब'मध्ये बसते, शेवटच्या बाकावर. तिला बरोबर घ्या आणि माझ्या कपाटापाशी या. काच सरकते. माझं कुलूप फार मोठं नाही, मित्रांनो. दगड पुरेल.